वाढत्या अंगाचं

लालबागच्या आमच्या घरात शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये एक लांबट वही आहे, वाणी उधारी लिहितो तसली. सासूबाईंची मापांची वही. तशा त्यांच्या सात-आठ वह्या झाल्या असतील, पण आमच्याकडे नुसतं 'वही' म्हटलं की ती एकच, 2013 च्या जूनपासूनची.

सासरे गिरणीत होते. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला. तो संपला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. त्याच वर्षी आईंनी (सासूबाईंना मी आई म्हणते) चाळीतल्या पोरांचे शाळेचे कपडे शिवायला घेतले, ते आजतागायत. मे महिना लागला की दाराबाहेर बायका-पोरांची रांग, आणि प्रत्येकीचं एकच मागणं: "वाढत्या अंगाचं शिवा हं." म्हणजे फ्रॉकच्या खाली चार बोटं पट्टी दुमडून ठेवायची, बाजूच्या शिलाईत जास्तीचं कापड सोडायचं, कमरेला टक घालायची. पुढच्या जूनमध्ये पट्टी उसवायची, दोन बोटं खाली सोडायची, पुन्हा हातशिलाई. एका फ्रॉकमध्ये दोन वर्षं निघाली की आई खूश, पोराची आई त्याहून खूश.

2017 च्या मे महिन्यात माझी लेक पाचवीत जायची होती. संध्याकाळी मी बँकेतून आले तेव्हा आई दारात स्टुलावर बसल्या होत्या आणि मांडीवर लेकीचा निळा फ्रॉक उलटा करून धरला होता. पट्टीवरून बोट फिरवत होत्या. मला म्हणाल्या, "ह्या चेडवाची पट्टी मी अजून एकदाय उसवूक नाय."

मी चप्पल काढत म्हटलं, "मग बरंच की, कापड वाचलं."

त्या हसल्या नाहीत. वही काढली. लेकीच्या पानावर दर वर्षी एक ओळ. फ्रॉकची उंची, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, इंचात: साडेबावीस, तेवीस, साडेतेवीस, चोवीस, साडेचोवीस. शेजारचं पान तिच्याच वर्गातल्या, मजल्यावरच्या दुसऱ्या मुलीचं. तिथे आकडा दर वर्षी इंचाने, कधी सव्वा इंचाने पुढे गेलेला.

हे आईंनी पाहिलं. मी दिवसभर लोकांच्या खात्यांवरचे आकडे पाहते, मी पाहिलं नाही.

पाहिलं नाही म्हणजे लेक ठेंगणी आहे हे दिसत होतंच. पहिलीपासून प्रार्थनेच्या रांगेत ती सगळ्यात पुढे. 'अंतर घ्या' म्हटलं की मागचे सगळे हात पुढे करून पुढच्याच्या खांद्याचा अंदाज घेतात. पहिल्या नंबरच्या पुढे कुणी नसतं, म्हणून तो कमरेवर हात ठेवतो. लेक घरीही तशी उभी राहायची, कमरेवर हात ठेवून, फौजदारासारखी. आम्ही हसायचो. नवरा पाच फूट चार इंच, मी पाच फुटाला जेमतेम टेकलेली. 'बापावर गेलीये', 'घराणंच ठेंगणं' ही वाक्यं आमच्याकडे इतक्यांदा म्हटली गेली होती की ती कुणी तपासायचं कारणच उरलं नव्हतं. आमच्या जवळच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. लेकीचे कान सारखे फुटायचे, त्यासाठी वर्षातून चार-पाच खेपा व्हायच्या. प्रत्येक खेपेला वजनकाट्यावर उभी केली, औषधाचा डोस ठरवायला. भिंतीशी एकदाही उभी केली नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "मुलगी आहे हो, चालतं. मुलगा असता तर काळजी."

मला त्या वाक्याचा राग आजही येतो. तेव्हा मात्र मी मान डोलावली होती, हेही लिहायला हवं. उंचीची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे मुलगे जास्त आणले जातात, मुली कमी आणि उशिरा, हे पुढे मला लहान मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी सांगितलं. जगभर असंच आहे म्हणे. बुटक्या मुलाचं लग्न जमणार नाही म्हणून आईबाप धावतात, बुटक्या मुलीचं जमतं म्हणून धावत नाहीत.

त्या डॉक्टर परळला बसायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी लेकीची उंची तीनदा मोजली. टाचा भिंतीला, ढोपरं सरळ, हनुवटी जराशी खाली, आणि डोक्यावर सरकती फळी. 116 सेंटिमीटर. मग म्हणाल्या, "आता बाबा या." नवरा बिचारा बूट काढून उभा राहिला. मग मी. 163 आणि 152. वडिलांच्या उंचीतून 13 वजा करायचे, त्यात आईची उंची मिळवायची आणि निम्मं करायचं. मुलगा असेल तर 13 वजा करण्याऐवजी मिळवायचे. उत्तर आलं 151. "तुमच्या घराण्याच्या हिशोबाने ही साधारण दीडशेच्या आसपास थांबायला हवी," डॉक्टर म्हणाल्या, "पण ही त्या वाटेवर नाहीये. तक्त्यावर सगळ्यात खालची रेघ आहे ना, तिच्याही खाली चालली आहे. हे घराणं नाही."

म्हणजे ज्या घराण्याच्या नावावर आम्ही चार-पाच वर्षं निवांत होतो, त्याच घराण्याचं माप घेऊन बाईंनी दोन मिनिटांत निकाल लावला.

मग त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षी किती होती?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. लसीकरणाच्या कार्डावर दीड वर्षापर्यंतचं वजन होतं. उंचीचे रकाने कोरे. त्या समजावत होत्या: बाळ जन्मतं साधारण 50 सेंटिमीटरचं, पहिल्या वर्षात जवळजवळ 25 ने वाढतं, दुसऱ्यात दहा-बाराने, आणि चारेक वर्षांचं झालं की वयात येईपर्यंत दर वर्षी पाच ते सहा. आज मूल किती उंच आहे त्यापेक्षा वर्षभरात ते किती वाढलं, हे डॉक्टरला जास्त काही सांगून जातं. ठेंगणं पण नेमाने वाढणारं मूल बहुतेक वेळा धडधाकट असतं. काही मुलं नुसती उशिरा फुलणारी असतात, दहावीनंतर एकदम हाताबाहेर जातात. वाढीचा वेगच मंदावला असेल तर मात्र शोध घ्यायचा. थायरॉइड असेल, आतड्यांचा गव्हाशी न जमणारा आजार असेल, मूत्रपिंड असेल, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते ती असेल. आणि आपल्या देशात सगळ्यात आधी ताट बघायचं. पुढे 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही पाच वर्षांखालची सुमारे 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. त्यांना इंजेक्शन नको, जेवण हवंय.

पुढच्या खेपेला मी वही घेऊन गेले. जरा लाजतच पुढे केली. डॉक्टरांनी चष्मा वर केला, इंचांचे आकडे कागदावर सेंटिमीटरमध्ये उतरवले आणि म्हणाल्या, "तक्त्यावर हे मांडता येणार नाही. पण मला हवं ते यात आहे. ही मापं कुणी घेतली?"

"सासूबाईंनी. शिवणकाम करतात."

"त्यांना सांगा, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांची एवढी नोंद नसते."

हे घरी सांगितल्यावर आईंनी पदर सावरला आणि वही पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवली. त्या दिवसापासून ड्रॉवरला कुलूप असतं.

डॉक्टरांनी लेकीला हात पुढे पसरायला सांगितले, तळवे वर. कोपरापासून पुढचा हात जरा जास्तच बाहेर वळलेला. मानेवरचे केस बरेच खालपर्यंत उतरलेले. नखं बघितली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "जन्मली तेव्हा पायांवर सूज होती का? हातांवर?"

माझ्या डोळ्यांसमोर ते पाय आले. गुबगुबीत, वरून फुगलेले, बोट दाबलं की खळगा पडायचा. बाळंतपणाला माहेरी होते. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, काय बाळसं धरलंय पोरीने, आणि मी दृष्ट काढायचे. पुढे काही महिन्यांत ते उतरलं, तेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

तपासण्या झाल्या. डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढला, हाडांचं वय बघायला. डॉक्टरांकडे त्यासाठी एक जाडजूड पुस्तक होतं, पानोपानी मुलांच्या पंजांचे एक्स-रे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या, 1930 च्या दशकातल्या खात्यापित्या घरातल्या मुलांचे हात ते. लालबागच्या पोरीचा पंजा त्या मेमसाहेबांच्या शेजारी ठेवून डॉक्टर पानं उलटत होत्या. पावणेनऊ वर्षांच्या पानाशी थांबल्या. लेक तेव्हा दहा वर्षांची.

गुणसूत्रांच्या तपासणीला वेळ लागतो, रक्तातल्या पेशी आधी वाढवाव्या लागतात. रिपोर्ट घ्यायला जायचं ठरलं मंगळवारी, 29 ऑगस्टला. त्या दिवशीचा पाऊस मुंबईकराला आठवतच असेल. हिंदमाताला कमरेएवढं पाणी. नवरा चिंचपोकळीच्या पुलापर्यंत जाऊन परत आला. दोन दिवसांनी गेलो तेव्हा परळच्या रस्त्यांवर चिखल होता आणि दुकानदार भिजलेलं कापड फुटपाथवर वाळत घालत होते. पाकिटात एका ओळीचा निकाल. 46 गुणसूत्रं असायला हवीत, तिथे 45. मुलींना एक्स गुणसूत्रं दोन असतात, हिला एकच. टर्नर सिंड्रोम.

1938 साली टर्नर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी या लक्षणांचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. मागचं गुणसूत्रांचं कारण कळायला 1959 उजाडलं. साधारण दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला हे असतं. म्हणजे शाळाशाळांमधून, लोकलच्या लेडीज डब्यांतून अशा कितीतरी जणी असणार, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना 'घराणं' असं सांगितलेलं असणार. आईबापांकडून आलेलं हे नव्हे, आईच्या वयाशी संबंध नाही, गरोदरपणात काही खाल्लं-न खाल्लं त्याशी तर नाहीच. हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, उंची मोजली तशीच. चौथ्यांदा फक्त माझ्याकडे बघून सांगितलं. आणि एक गोष्ट अशी सांगितली की ती ऐकून मी घरी येईपर्यंत बोलले नाही. एकच एक्स घेऊन सुरू झालेले जवळजवळ सगळे गर्भ पोटातच जातात, शंभरात जेमतेम एखादा जन्माला येतो.

आईंना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. थोडा वेळ गेला. मग म्हणाल्या, "म्हणजे चिवट आसा चेडू."

हृदयाची सोनोग्राफी झाली, कारण या मुलींमध्ये महाधमनीचा दोष असू शकतो. नशिबाने तिथे काही नव्हतं, पण रक्तदाब आणि हृदय यांची तपासणी आयुष्यभर ठराविक काळाने करायचीच. मूत्रपिंडं खालच्या टोकाला एकमेकांना जोडलेली, घोड्याच्या नालेसारखी. काम नीट करतात. कानांचं कोडंही सुटलं, सारखे कान फुटणं हा याच दुखण्याचा भाग.

मग इंजेक्शनचा विषय निघाला, ग्रोथ हार्मोनच्या, म्हणजे उंची वाढवणाऱ्या हार्मोनच्या.

गंमत अशी की लेकीच्या अंगात ग्रोथ हार्मोन होतंच. कमी नव्हतं. हाडांच्या वाढीला लागणाऱ्या एका जनुकाची जोडीतली एक प्रत हरवलेल्या एक्सबरोबर गेलेली, त्यामुळे नेहमीच्या हाकेला हाडं पुरती ओ देत नाहीत. तेव्हा हाक मोठ्याने मारायची, असं ते औषध. ज्यांच्यात हार्मोनच कमी आहे अशा मुलांपेक्षा टर्नरच्या मुलींना डोस जास्त लागतो. माझ्या भाच्याने लगेच मेस्सीचं उदाहरण दिलं. त्याला लहानपणी हार्मोनची कमतरता निघाली होती, बार्सिलोना क्लबाने उपचाराचा खर्च उचलला. मी म्हटलं, बाबा रे, तो वेगळा आजार, आणि आपल्याला क्लब कुठला? आपल्याला पतपेढी.

रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाइलवर वाचत बसायचे. एके काळी हे हार्मोन मेलेल्या माणसांच्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथींतून काढत. 1958 मध्ये बॉस्टनच्या मॉरिस रेबेन यांनी एका मुलाला ते देऊन तो वाढल्याचं प्रसिद्ध केलं. एका मुलाच्या वर्षभराच्या औषधाला डझनांनी ग्रंथी लागत, त्यामुळे ते मिळे मोजक्यांनाच. मग 1985 मध्ये कळलं की असं हार्मोन घेतलेल्या काही जणांना वर्षांनंतर मेंदू सडवणारा एक भयंकर आजार झाला, ग्रंथींबरोबर आलेला. अमेरिकेत ते औषध तडकाफडकी थांबवलं. त्याच वर्षाच्या शेवटाला जिवाणूंकडून प्रयोगशाळेत बनवलेल्या हार्मोनला परवानगी मिळाली. माझ्या लेकीच्या फ्रीजमधलं औषध त्याच वळणाचं, 191 अमिनो आम्लांची साखळी.

आईंना सकाळी चहाबरोबर हा इतिहास ऐकवला. मेलेल्या माणसांपर्यंत आल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"मगे आता खंयसून काढतत?"

"आता जंतूंकडून करून घेतात, कारखान्यात."

"तेंका बोनस तरी गावता काय?"

गिरणी कामगाराची बायको. तिला तोच प्रश्न पडणार.

2017 च्या दिवाळीनंतर सुरू केलं. रोज रात्री झोपण्याआधी, कारण शरीरातलं स्वतःचं हार्मोनही गाढ झोपेतच जास्त सुटतं. शाईपेनासारखं उपकरण, मागची चकती फिरवली की टकटक आवाज करत डोस भरला जातो, पुढे केसाएवढी सुई. आज डावी मांडी, उद्या उजवी, परवा पोट, एकाच जागी टोचलं तर तिथे चरबीचा गोळा किंवा खळगा होतो. लेकीने कॅलेंडरच्या मागे स्वतःचं चित्र काढून टोचायच्या जागांना नंबर दिले होते. सुरुवातीला रडारड झाली, पंधरा दिवसांत संपली. माझी हाताची थरथर मात्र दोन महिने गेली नाही. पहिल्या महिन्यात डोकं फार दुखतं का, लंगडते का, पाठ वाकडी दिसते का, यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मी ती झोपली की तिच्या चालण्याचा विचार करत बसे.

खरी कसरत फ्रीजची. औषध दोन ते आठ अंशांत राहायला हवं आणि गोठायला अजिबात नको. आमचा फ्रीज जुना, वरच्या खणाला मागे बर्फ धरणारा. एकदा गौरी-गणपतीच्या धांदलीत मीच पातेलं घुसवायला पेन मागे सरकवलं. सकाळी बघते तर आत कण दिसत होते. गोठलेलं औषध फेकायचंच असतं. ते सोळा-सतरा दिवसांचं होतं. मी ते ओट्यावर ठेवून बघत राहिले, आणि नवरा काही बोलला नाही याचंच मला जास्त रडू आलं. त्यानंतर अंड्यांच्या कप्प्यात अंडी ठेवणं बंद. गावी कणकवलीला जाताना थर्मासमध्ये बर्फ, बर्फावर फडकं, फडक्यावर डबी, डबीत पेन. गावात वीज बेभरवशाची, म्हणून नाक्यावरच्या दुकानाच्या फ्रीजमध्ये, थंडपेयांच्या बाटल्यांमागे. दुकानदार रोज संध्याकाळी हाक मारून विचारायचा, "वयनी, तुमचा इंजक्शन न्हेलास?" सगळ्या वाडीला कळलं. आम्ही 'थायरॉइडचं आहे' म्हणून सांगत होतो.

12 ऑक्टोबर 2020. लॉकडाऊनमधून मुंबई जरा बाहेर येत होती आणि सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्या शहराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. लोक एकमेकांना फोन करून 'तुमच्याकडे आहे का' विचारत होते, आणि आमच्या घरात तिघं जण फ्रीजचं दार कुणी उघडू नये म्हणून पहाऱ्याला. आईंनी दाराला चक्क नाडी बांधली, सलवारीची. दुपारी वीज आली तेव्हा लेक म्हणाली, "आता निदान पाणी पिऊ?"

पैशांचं थोडक्यात. घराच्या हप्त्याएवढा खर्च महिन्याला. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे पोरीने अंग धरलं की आनंद व्हायचा आणि त्याच क्षणी पोटात गोळा यायचा. मेडिक्लेमवाले म्हणाले, दवाखान्यात दाखल नाही तर पैसे नाहीत. भिशी, पतपेढी, नवऱ्याचा ओव्हरटाइम. 2021 साली केंद्राने दुर्मिळ आजारांचं धोरण आणलं, त्यात टर्नरच्या मुलींसाठी ग्रोथ हार्मोनचा उल्लेख आहे आणि आमच्याजवळच्या केईएमचं नाव त्यासाठीच्या केंद्रांत आहे. आमचं औषध तोवर संपत आलं होतं. पुढच्यांना उपयोग होवो.

आता ते जे मला खरं सांगायचं आहे. जून 2018. औषध सुरू होऊन सात-आठ महिने झालेले. आईंनी तोच निळा फ्रॉक मांडीवर घेतला, दाताने दोरा तोडला आणि ब्लेडच्या कोपऱ्याने पट्टीची एकेक टीप उसवायला सुरुवात केली. मी भात लावायचा सोडून बघत उभी. पट्टी खाली पडली. आत दुमडलेलं कापड ऊन-साबणाने न विटलेलं, नव्यासारखं गर्द निळं, आणि वरचा सगळा फ्रॉक फिका पडलेला. घेराला खाली दोन बोटांचा गडद पट्टा दिसायला लागला. बायकांना हा पट्टा आवडत नाही, जुना फ्रॉक सोडलाय हे कळतं म्हणून. त्यावर लेस नाहीतर फीत लावून मागतात. आईंनी डब्यातून पांढरी फीत काढलीही होती.

लेक म्हणाली, "आजी, फीत नको. दिसू दे."

वर्षभर ती तो पट्टा मिरवत शाळेत गेली. पहिल्या वर्षात आठ सेंटिमीटर. प्रार्थनेच्या रांगेत तिसरा नंबर. हात पुढे करून अंतर घ्यायला तिला म्हणे सुरुवातीला जमेना, सवयच नव्हती, हात आपोआप कमरेवर जात.

ती वाढायला लागल्यावर आमच्याकडे चौकश्या सुरू झाल्या. दोन घरं सोडून एक जण आपल्या पोराला घेऊन आले, "वहिनी, आमच्या ह्याला ते इंजेक्शन कुठे मिळेल? पाच-सहा आहे, सहा फूट झाला तर पोलीस भरतीला बरं." एकोणीस वर्षांचा मुलगा. हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या असतात, त्या एकदा मिटल्या की जगातलं कुठलंही औषध तसूभर उंची वाढवत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना वाटलं मी पत्ता लपवतेय. दुधात घालायच्या पावडरींबद्दल तर बोलायलाच नको. टीव्हीवर त्या पिऊन पोरं झाडाच्या फांद्यांना हात लावतात. मी स्वतः चार वर्षं डबेच्या डबे पाजले होते, म्हणून हे अधिकाराने लिहितेय.

बाराव्या वर्षी दुसरं औषध सुरू झालं, इस्ट्रोजेन, मुलींना वयात आणणारं हार्मोन. आधी अगदी थोडं, मग दोन-तीन वर्षांत वाढवत नेलेलं. या मुलींची बीजांडं बहुतेक वेळा लवकर थकतात, आपसूक वयात येणं घडत नाही. ते तिला कुणी आणि कसं सांगायचं यावर आम्ही दोघं कित्येक रात्री कुजबुजलो. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, चित्र काढून, आणि आम्हाला बाहेर बसवून. लेक बाहेर आली आणि म्हणाली, "भूक लागलीये." परळच्या नाक्यावर वडापाव खाल्ला. त्या दिवशी एवढंच.

बाकीचं बऱ्याच वर्षांनी आलं, मागच्या वर्षी. कशावरून तरी मी म्हटलं, तुला इंजेक्शनांचा त्रास झाला ना गं. ती म्हणाली, "इंजेक्शनांचं काही वाटायचं नाही. तुम्ही दोघं रात्री हळू आवाजात बोलायचात ना, त्याचं वाटायचं. मला वाटायचं मी मरणार आहे आणि सगळ्यांना माहितीये." सोळाशे-सतराशे रात्री मी सुईची काळजी केली, आणि ती पलीकडच्या गादीवर हे ऐकत पडलेली.

'थायरॉइड' तिनेच मोडीत काढलं. गावाला गणपतीत कुणीतरी विचारलं तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "थायरॉइड नाही हो काकी, टर्नर. माझ्याकडे एक एक्स कमी आहे." काकींनी "बरं बरं" म्हणून मोदकाचं ताट पुढे केलं. कुणाला एक्सचं काही पडलेलं नव्हतं.

जून 2022 मध्ये औषध बंद केलं. हाडांचं वय चौदाच्या पुढे गेलं होतं आणि वर्षभरातली वाढ दोन सेंटिमीटरच्या आत आली होती, पुढे टोचून फायदा नव्हता. 145 सेंटिमीटर. चार फूट नऊ इंच. सूत्रातले 151 नाहीत. औषध घेतलं नसतं तर किती झाली असती? टर्नरच्या मुली उपचाराविना सरासरीने इतर बायकांपेक्षा वीसेक सेंटिमीटर ठेंगण्या राहतात, एवढं माहीत आहे. आमच्या लेकीचा असा दुसरा फ्रॉक शिवून बघता येत नाही. आणि चार वर्षं आधी वही उघडली असती तर किती झाली असती, हा हिशोब मी करते, कुणाला सांगत नाही. आता सांगितला.

लेक आता अठरा वर्षांची आहे, कॉलेजात जाते. लोकलमध्ये वरच्या कडीला तिचा हात पोचत नाही, मग ती सीटच्या दांड्याला धरते. हा लेख तिने वाचलाय. नाव नको आणि फोटो नको, एवढंच म्हणाली. मेमसाहेबांचा पंजा ठेव, ते चांगलंय, असंही म्हणाली.

मागच्या महिन्यात तिला कॉलेजच्या कार्यक्रमासाठी लांब कुर्ता हवा होता. आईंना आता सुईत दोरा ओवायला लेकच लागते, पण कापतात अजून स्वतः. टेप गळ्यात टाकून स्टुलावर बसल्या, तिला समोर उभी केली, माप घेतलं, वहीत ओळ लिहिली. मागची ओळ आणि ही ओळ सारखीच होती. लेक बघत होती.

"आजी, आता खाली दुमड नको ठेवू. मी वाढणार नाहीये."

"हां," आई म्हणाल्या, आणि खडूने खुणा करताना गुपचूप दोन बोटं कापड जास्तीचं धरलं. लेकीने पकडलंच. "आजी!"

"अगो, सुती कापड आटता पयल्या धुण्यात."